डाव्या मागच्या चाकाचा हिशोब

१३ एप्रिल २०२५, सातारा

गाडीची माहिती आधी. २०१८ ची डिझेल टेम्पो ट्रॅव्हलर, नोंदणीपत्रावर खासगी वापराची कॅम्पर व्हॅन. आत दोन बाक (रात्री पलंग), ओटा, दोन बर्नरची शेगडी, छोटा फ्रीज, १२० लिटरची पाण्याची टाकी, छतावर दोन सोलर पॅनेल. आम्ही ती दुसऱ्या हाताने घेतली. आतलं सगळं काम आधीच्या मालकाने एका फॅब्रिकेटरकडून करून घेतलेलं आहे. लाकूडकाम सुरेख आहे. बाकीचं अजून कळायचं आहे.

नोंदी ठेवायला सुरुवात करण्याचं कारण: कोकणात जाताना कुंभार्ली घाट उतरून पोफळीला थांबलो, तेव्हा भाऊजींनी चारही चाकांजवळ तळहात नेऊन बघितलं. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, निवृत्त झाले तरी ही सवय सुटलेली नाही. हात लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा. डावं मागचं चाक बाकीच्यांपेक्षा गरम. माझ्याकडे इन्फ्रारेड थर्मामीटर होता, तो धरला: डावा मागचा ब्रेकचा ड्रम १३८ अंश, उजवा मागचा ९६.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, आधी वजन करा. डाव्या अंगाला सगळं भरलंय तुमच्या."

१६ एप्रिल

एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर गेलो. प्लॅटफॉर्म जमिनीला समतल असलेला काटा मुद्दाम शोधला. चढाचा रॅम्प आणि कडेला लोखंडी कठडा असला की एकेक चाक वेगळं मोजता येत नाही. डिझेल टाकी फुल, पाणी फुल, सिलिंडर भरलेला, भांडी-कपडे नेहमीसारखे, माणसं मात्र सगळी खाली. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग गाडी बाजूला घेऊन फक्त डावं मागचं. काटेवाला आधी वैतागला ("मॅडम, पावती एकच लागते ना?"), मग त्यालाच गंमत वाटायला लागली आणि तो हात करून गाडी लावून द्यायला लागला.

पूर्ण गाडी ३,७४० किलो. पुढे १,४८०. मागे २,२६०, त्यात डावं १,२१० आणि उजवं १,०५०. काटा १० किलोच्या पायरीने दाखवतो, म्हणजे पाच-दहा इकडेतिकडे धरायचे.

नोंदणीपत्रावर कमाल वजन ३,९५० आहे. आमच्या चौघांचं मिळून २६० किलो. बेरीज ४,०००. म्हणजे सहलीला निघालेली गाडी कागदावरच्या मर्यादेच्या ५० किलो वर होती, आणि बाहेरून बघून ते कोणालाही कळलं नसतं. कॅम्परचं हेच आहे. प्रवासी गाडीत माणसं उतरली की भार उतरतो. इथे फर्निचर, बॅटरी, पाणी चोवीस तास पाटे (चाकांवरच्या लोखंडी पानांच्या स्प्रिंगा) आणि टायरवर बसलेलं असतं, गाडी अंगणात उभी असली तरी.

२० एप्रिल

टायर. आतल्या भिंतीवरचा अंक शोधायला गाडीखाली झोपावं लागलं, कारण तारखेचा पूर्ण शिक्का टायरच्या एकाच बाजूला असतो. चार आकडे: २३१८. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २०१८ चा तेविसावा आठवडा. गाडीबरोबर आलेलेच टायर आहेत. नक्षी अजून पाच मिलिमीटर शिल्लक, त्यामुळे पंक्चरवाला म्हणतो "अजून दोन वर्षं बघायला नको". पण रिमच्या जवळ बारीक चिरा पडल्यात. कॅम्परचे टायर झिजून जात नाहीत, वयाने जातात. वर्षातले बरेच महिने एकाच जागी, भाराखाली, उन्हात.

दुसरा आकडा भारांकाचा. ११६ म्हणजे एका टायरला १,२५० किलो, आणि तेही पूर्ण हवेवर. डावं मागचं चाक माणसं नसतानाच १,२१० वर आहे. चौघं बसल्यावर त्यातले साठ-सत्तर किलो तरी त्या कोपऱ्यात येणार. म्हणजे टायरही मर्यादेच्या बाहेर.

चारही नवे घ्यायचे ठरलं, त्याच मापाचे, त्याच भारांकाचे. स्टेपनी पण. ती सगळ्यात नवी दिसते कारण कधी लागलीच नाही, वय मात्र तेवढंच. नवीन बसवल्यावर नट टॉर्क रेंचने आवळले. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत आवळायचे, डायरीत लिहून ठेवलं.

हवा थंड टायरलाच मोजायची. दुपारी हायवेवर थांबून मीटर लावला की आकडा चढलेला दिसतो आणि माणूस हवा सोडतो. संध्याकाळी तोच टायर कमी हवेवर धावत असतो. दारावरच्या पट्टीवर मागे ५८ पीएसआय आहे, तेवढीच.

२७ एप्रिल ते १ मे

बॅटऱ्या. डाव्या बाकाखाली दोन ट्युब्युलर, प्रत्येकी १५० एएच (अँपिअर-तास). घरच्या इन्व्हर्टरला असतात त्याच. दोन्ही मिळून ११० किलो भरल्या. पाण्याची टाकीही त्याच बाकाखाली, पलीकडे. फॅब्रिकेटरने नळ आणि विजेचं बाहेरचं सॉकेट डावीकडे ठेवलं, म्हणून टाकी आणि बॅटरी दोन्ही डावीकडेच. त्याला जवळ पडलं.

झाकण उघडलं तर टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर, आणि प्लायची पेटी चहूबाजूंनी बंद. या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. हवेत चार टक्के झाला की ठिणगीला पुरतो. पेटीच्या वर आम्ही झोपतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात खटकली, कारण मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रिकल शिकवते आणि पहिल्याच सत्रात मुलांना हे सांगते: फ्यूज वायर वाचवायला असतो, यंत्र वाचवायला नाही. इथे फ्यूज होता तो इन्व्हर्टरच्या तोंडाशी. बॅटरीपासून तिथपर्यंत तीन मीटर जाड केबल, पत्र्याच्या भोकातून गेलेली, भोकाच्या कडेला रबरी कडं (ग्रोमेट) नाही, मध्ये फ्यूज नाही. रस्त्याच्या हादऱ्याने पत्र्याची कड केबलच्या आवरणात गेली असती तर बॅटरीने हजारभर अँपिअर त्यातून लोटले असते आणि मधे थांबवणारं काही नव्हतं. घरातली वायरिंग जागची हलत नाही. इथली प्रत्येक वायर रोज घासली जाते.

काय केलं ते:

ट्युब्युलर काढून २०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. वजन २४ किलो. शिशाच्या बॅटरीतून निम्म्याखाली वापर केला की ती लवकर जाते, म्हणजे ३०० मधले १५० च खरे कामाचे होते. त्यामुळे २०० ची बॅटरी पुरून उरते. ती उजव्या बाकाखाली बसवली, पट्ट्यांनी आवळून. केबल ३५ चौरस मिलिमीटर. आमचा इन्व्हर्टर १,००० वॅटचा. १२ व्होल्टवर, घट धरून, शंभर अँपिअरच्या आसपास ओढतो. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. सगळ्या भोकांना ग्रोमेट, केबलला नालीदार पाइप, दर हातभर अंतरावर क्लिप.

सोलरच्या कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार बदलला. हे विसरून चालत नाही: शिशाच्या सेटिंगमध्ये अधूनमधून जास्त व्होल्टेज देऊन समतोल करणारा टप्पा असतो, तो या बॅटरीला नको. वरची मर्यादा १४.४ व्होल्ट ठेवली.

इंजिनच्या अल्टरनेटरपासून थेट चार्जिंगची जुनी रिले काढली. लिथियम बॅटरी रिकामी असली की मिळेल तेवढा करंट ओढत राहते आणि अल्टरनेटर तापून जातो. मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घातला, तो करंट तेवढ्यावरच रोखतो. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करू नये. साताऱ्यात तो प्रश्न नाही, लडाखची हौस असणाऱ्यांनी बघावं.

जुन्या बॅटऱ्यांचे मोडीत बरे पैसे आले. शिसं किलोवर जातं.

४ मे

गॅस. सिलिंडर ५ किलोचा, मागे बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात उभा. वरच्या कड्याच्या आतल्या बाजूला सी-२७ लिहिलंय: जुलै ते सप्टेंबर २०२७ मध्ये त्याची तपासणी करायची. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. घरच्या सिलिंडरवरही हेच असतं, फारसं कोणी बघत नाही.

नळी तारेच्या जाळीची केशरी, ठीक होती पण छापलेल्या तारखेला पाच वर्षं होत आलेली. बदलली. साबणाच्या फेसाने सगळे जोड तपासले, गळती नाही.

इथपर्यंत बरं. मग कप्प्याच्या तळाला हात घातला. तळाला भोकं आहेत, बरोबर जागी आहेत. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली बसतो, म्हणून तळातूनच बाहेर जायला वाट हवी. पण धूळ येते म्हणून कोणीतरी त्या भोकांत फोम कोंबला होता. सगळा काढला, बारीक जाळी लावली. शिवाय कप्पा आणि आतली खोली यांच्यामधल्या फळीला नळीपुरतं भोक होतं, त्याची फट सील केली.

आणि गॅसचा अलार्म कुठे? शेगडीच्या वर, डोळ्यांच्या उंचीला, छान दिसेल असा. गॅस तिथपर्यंत चढून येईल तेव्हा खाली बाकाजवळ हवेत दोन टक्क्यांच्या वर जाऊन बसलेला असेल, आणि तेवढा पेटायला पुरतो. अलार्म खाली आणला, जमिनीपासून वीतभर वर. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नव्हताच. तो वेगळा घ्यावा लागतो, आणि त्याची जागा उशीच्या उंचीला. तो वायू हवेच्या जवळपास सारख्याच वजनाचा, खोलीभर पसरतो आणि त्याला वास नाही. थंडीत गाडीत शेगडी पेटवून ऊब घेणारे लोक मी पाहिलेत, काचा बंद करून. त्यांच्याशी वाद घालून झाला.

गाडी चालू असताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. ही शिस्त घरात सगळ्यांना पाठ आहे, फक्त माझा नवरा विसरतो. म्हणून ड्रायव्हरच्या समोर चिठ्ठी: "गॅस?"

११ मे

ब्रेक आणि पाटे. भाऊजींच्या ओळखीच्या गॅरेजात, रविवार असल्याने आम्हाला पिट मोकळी मिळाली.

ब्रेक ऑइल काळपट. टेस्टर पेनने तीन टक्क्यांच्या वर पाणी दाखवलं. हे तेल हवेतला ओलावा ओढून घेतं. झाकणावर डॉट ३ लिहिलंय, ही तेलाची प्रत. ते कोरडं असताना २०५ अंशाला उकळतं, ओलावा घेतल्यावर १४० च्या आसपास. घाटात उतरताना पायाखालचं पेडल एकदम मऊ पडतं ते याचमुळे: तेल उकळून वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, त्याचे आकडे २३० आणि १५५, म्हणून तेच भरलं. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे डावं मागचं. मी पेडलवर, भाऊजी खाली. "दाबा. धरा. धरा. हां, सोडा." पाय भरून आला.

मागचे ड्रम उघडले. उजवीकडचे लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) ५ मिलिमीटर, डावीकडचे साडेतीन. व्हील सिलिंडर दोन्हीकडे कोरडे, रबर बरे. डाव्या पाट्याचं दुसरं पान तडकलेलं होतं आणि ते अंग उजव्यापेक्षा खाली बसलेलं. दोन्ही बाजूंचे पाटे एकदमच काढले, पानं नवीन, शॅकलचे बुश नवीन, यू-बोल्ट नवीन. जुने यू-बोल्ट परत वापरायला भाऊजींनी चक्क नकार दिला: एकदा ताणले गेले की ते परत तसे धरत नाहीत म्हणे.

डावा पाटा तडकण्याचं कारण वजन, हे उघड आहे. पण डावा ड्रम तापण्याचं कारण वजन, हे मला पटत नाही आणि मी ते पिटमध्येच बोलले. तेल दोन्ही चाकांना सारख्याच दाबाने जातं. डाव्या बाजूला भार जास्त असला म्हणून डावा ब्रेक जास्त जोराने धरत नाही. लायनर जास्त झिजलाय म्हणजे तो कधीतरी सुटत नसावा. भाऊजींनी हँडब्रेकची केबल दोन्ही टोकांना ओढून पाहिली, मोकळी होती. ग्रीस मारला. "वजन कमी झालंय ना, आता घाटात बघू." ठीक. ड्रम बंद.

१८ ते २८ मे

छत. पावसाच्या तोंडाशी करायचं म्हणून ठेवलेलं काम, आणि यंदा पावसाने तोंड आधीच दाखवलं.

वरच्या झडपेच्या चौकटीभोवती आतल्या प्लायला डाग होता. बोटाने दाबलं तर मऊ. चौकट पत्र्यावर साध्या सिलिकॉनने चिकटवलेली, ते एका कडेने उचकटून पट्टीसारखं हातात आलं. छतावर सिलिकॉन वापरू नये असं माझं ठाम मत झालंय. ते सुटतंच, पण जाताना मागे असा तेलकट पापुद्रा ठेवून जातं की त्यावर नवं काहीच चिकटत नाही, अगदी नवं सिलिकॉनसुद्धा. ब्लेड, मग सॉल्व्हंट, मग घासकागद, मग परत सॉल्व्हंट. खरं काम एवढंच. नवीन भरायला अर्धा तास लागतो.

२० तारखेला मोठा पाऊस. झडप काढलेली, छताला हातभर चौकोनी भोक. ताडपत्री, त्यावर दोरी, दोरीला विटा. पुढे आठवडाभर जवळजवळ रोज तेच. २६ ला बातमी की मान्सून मुंबईत पोचला. नेहमीची तारीख ११ जून. शेजारचे काका रोज सकाळी फाटकातून विचारून जात, "झालं का छप्पर?"

कुजलेलं प्लाय कापून तुकडा बसवला. चौकटीखाली ब्युटाइल टेप, स्क्रू, आणि कडेने पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. पीयूचं एक बरं आहे, ते हवेतल्या ओलाव्यानेच वाळतं, दमट हवा त्याला चालते. पत्रा मात्र कोरडा हवा. म्हणून ताडपत्रीचा तंबू करून आत हेअर ड्रायर. सोलर पॅनेलच्या पायांचे बोल्ट काढून त्यांनाही तसंच केलं आणि आतून पत्र्याच्या मोठ्या वॉशर घातल्या; आधी नुसत्या नटवर होते. ताशी ऐंशीच्या वेगाला पॅनेलखाली वारा शिरतो तेव्हा सगळी ओढ त्या चार-सहा बोल्टांवर येते.

२८ ला दिवसभर पाऊस. आत टॉर्च घेऊन फिरले. कोरडं.

८ जून

पाणी. टाकीत हात जाईल असं झाकण आहे, हे फॅब्रिकेटरचं चांगलं काम. तळाला गाळ आणि बोटाला बुळबुळीत लागलं. घासून काढली, मग ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. हिशोब: दर लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन हवं, १२० लिटरला ६ ग्रॅम, पावडरमध्ये ३३ टक्के क्लोरीन धरलं तर १८ ग्रॅम पावडर. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत. पंप लावून प्रत्येक नळातून वास येईपर्यंत सोडलं, चार तास तसंच ठेवलं, मग सगळं काढून दोनदा धुतलं. जुनी, ओल लागलेली पावडर घेऊ नये, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. सांडपाण्याची टाकीही धुतली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पाण्याचं वजनही ठरवून टाकलं. प्रवासात एक तर टाकी भरलेली, नाहीतर जेमतेम वीस लिटर. अर्धी ठेवायची नाही. आत आडवे पडदे नाहीत, वळणावर साठ किलो पाणी एका बाजूने दुसऱ्या बाजूला धडकतं आणि ते स्टिअरिंगला कळतं.

पावसाळ्यासाठी उभी केली: टाकी रिकामी, नळ उघडे, फ्रीजचं दार कापड घालून किलकिलं, गाद्या घरात, कपाटं उघडी, डिझेल टाकी फुल (रिकाम्या जागेत दव धरतं). हँडब्रेक लावला नाही. पावसात लायनर ड्रमला चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये, चाकांना लाकडी ठोकळे.

१३ जुलै

दर दोन आठवड्यांनी गाडी कोरेगावपर्यंत नेऊन आणतो. अंगणात नुसतं इंजिन चालू ठेवण्याला अर्थ नाही. तेल पुरतं तापत नाही, ओलावा आतच राहतो, आणि टायर त्याच जागेवर. डिझेल फिल्टरच्या तळातून थोडं पाणी निघालं.

उंदीर. नंबरप्लेटच्या दिव्याची वायर कुरतडली. डांबराच्या गोळ्यांचा त्यांना काही फरक पडत नाही, फक्त आम्हाला पडतो. ज्या भोकांतून वायरी आत येतात तिथे स्टीलची काथ्या कोंबून वर सीलंट.

२४ ऑगस्ट

गणपतीच्या धावपळीत एवढंच: नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट (एचएसआरपी) लागली. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती सक्तीची. मुदत आधी जूनअखेर होती, मग १५ ऑगस्ट, मग ३० नोव्हेंबर २०२५ केली. ज्यांनी घाई केली नाही ते सुखी. पीयूसी काढली. विमा डिसेंबरपर्यंत आहे.

१४ सप्टेंबर

कासच्या रस्त्याने चाचणी. रविवारी पठाराकडे जाणं म्हणजे हौसच, पण भाऊजींना दुसरा दिवस नव्हता. फुलं बघायला निघालेल्या गाड्यांच्या रांगेतून यवतेश्वर घाट चढलो, आणि गर्दीमुळेच उतरताना ब्रेकवर भरपूर काम पडलं. दुसऱ्या गिअरमध्ये, तरी पाय सतत पेडलवर. खाली येऊन थर्मामीटर.

डावा मागचा १२६. उजवा मागचा ८८.

वजन कमी झालंय, पाटे नवे, तेल नवं. फरक तोच. भाऊजींनी थर्मामीटर माझ्या हातातून घेतला, दोनदा परत मोजलं, मग म्हणाले, "उद्या केबल पूर्ण काढतो." आणि नंतर, गाडीत बसल्यावर, "पिटमध्ये तुम्ही म्हणाला होतात."

१५ सप्टेंबर

केबल काढली. दोन्ही टोकं मोकळी, ग्रीस मारलेली. मधोमध मात्र, पाण्याच्या टाकीच्या खाली, सांडपाण्याच्या पाइपची क्लँप केबलच्या बाहेरच्या नळीवरच आवळलेली होती. गाडीखाली पाइपला आधार हवा होता, केबल जवळून जात होती, तिलाच धरून टाकलं. नळी चेपली, तिथून पाणी आत गेलं, आतली तार गंजली. हँडब्रेक ओढला की तार पुढे जाते, सोडला की चेपलेल्या जागी अडकून पूर्ण मागे येत नाही. हाताने टोक ओढून बघितलं तर पुढच्या दिशेने मोकळीच लागणार.

म्हणजे डावं चाक गेली काही वर्षं किंचित ब्रेक लावूनच धावत होतं. एकाच फॅब्रिकेटरने, एकाच बाजूला, दोन वेगळे घोळ. त्यातला पहिला इतका ढळढळीत की दुसरा त्याच्या आड लपला.

नवी केबल, नवे लायनर दोन्हीकडे. पाइपला स्वतःचा ब्रॅकेट. मग मी टॉर्च घेऊन गाडीखालच्या बाकी सगळ्या क्लँप बघितल्या. एक डिझेलच्या नळीला टेकलेली सापडली, घासून पितळ चमकायला लागलेलं. तीही हलवली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

उद्या झेंडूचे हार पडतील, त्याआधी सुरक्षेची यादी संपवायची.

अग्निशामक: दोन किलोचा एबीसी पावडर, काटा हिरव्यात. हादऱ्याने पावडर तळाला घट्ट बसते, म्हणून उलटा करून हलवून ठेवला. जागा बदलली. तो शेगडीच्या वर टांगलेला होता, म्हणजे आग लागली की आधी आगीत हात घालायचा. आता सरकत्या दाराशी, बाहेर उभं राहूनही हाताला येईल असा. बॅटरी पेटली तर पावडर तिला थंड करत नाही. तेव्हा बाहेर पडायचं आणि लांब जायचं, एवढंच घरात सांगून ठेवलंय.

आणि बाहेर कसं पडायचं? मागचं दार आतून उघडायची मूठ फॅब्रिकेटरने पलंगाच्या फळीसाठी काढून टाकली होती. सरकत्या दाराजवळच शेगडी. म्हणजे शेगडीपाशी आग लागली तर मागे झोपलेल्यांना वाटच नाही. फळी कापून मूठ परत बसवली. रात्री दिवे बंद करून दोघी मुलींना उघडायला लावलं. धाकटीला जोर लागला, मग स्प्रिंग हलकी केली.

बाहेरून वीज घेण्याचं सॉकेट: आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअर, टेस्टचं बटण दाबल्यावर लगेच पडतो. एक लक्षात ठेवायचं, ते बटण अर्थिंग नसतानाही काम करतं, त्यामुळे ते दाबून अर्थिंगची खात्री होत नाही. घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी अंगणातल्या बोर्डाला अर्थिंग असेलच असं नाही. तिथे केबल जोडण्याआधी सॉकेट टेस्टर लावायचा, तीन दिवे बघायचे. दिवे चुकीचे असले तर सोलरवर भागवायचं.

१२ ऑक्टोबर

परत काट्यावर, एप्रिलसारखंच सगळं भरून. काटेवाल्याने ओळखलं. मधल्या काळात मागच्या कप्प्यातून चाळीसेक किलो सामान काढलं: बिडाचा तवा, दुसरा जॅक, फोल्डिंग टेबलं, आधीच्या मालकाचा अर्धा टूलबॉक्स.

पूर्ण गाडी ३,६२०. पुढे १,४८०. मागे २,१४०: डावं १,०९०, उजवं १,०५०. चौघं बसून ३,८८०, म्हणजे मर्यादेच्या ७० किलो आत. डाव्या टायरला आता शंभरेक किलोची मोकळीक.

येताना यवतेश्वर घाट पुन्हा उतरून मोजलं. डावा ९१, उजवा ९०.

राहिलेलं: डाव्या पायरीचा गंज खरवडून प्रायमर. वायपरचे रबर. फ्रीजच्या मागच्या जाळीतली धूळ. नट परत आवळणे (केबलच्या कामासाठी मागची चाकं काढली होती). सीओ अलार्मचे सेल जास्तीचे घेऊन ठेवणे. तवा परत गाडीत ठेवला गेलाय, कोणी ठेवला ते विचारणे.